सही, शिक्का आणि थोरले

३ मे, शुक्रवार

आजपासून रोजनिशी लिहायची. ऑफिसात मन मोकळं करायची सोय नाही, आणि घरात केलं तर ते फोनवरून त्याच दिवशी सासरी पोचतं.

सकाळी सर्क्युलर आलं. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात नवीन पद: इलेक्ट्रॉनिक अभिलेख अधिकारी. कॉम्प्युटरमधल्या नोंदींना कायद्याने आता कागदाइतकीच किंमत आहे, तेव्हा त्या सांभाळायला जबाबदार माणूस हवा. अगदी बरोबर. मी आवक-जावक आणि रेकॉर्ड विभागाचा प्रमुख. या ऑफिसात आलेला प्रत्येक कागद माझ्या शिक्क्याखालून गेलाय. जबाबदार माणूस शोधायला साहेबांना मान वर करायचीही गरज नव्हती. आणि चार्ज दिला कोणाला? थोरल्यांना.

थोरले म्हणजे माझे साडू. हिच्या ताईचे यजमान. वयाने माझ्याहून लहान, पण बायको थोरली म्हणून सासरी ते थोरले जावई आणि मी धाकटा. ऑफिसही तेच. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात असतात. दिवसभर स्क्रीनकडे बघायचं आणि गालातल्या गालात हसायचं, हे काम.

मला विचारलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढाही मान नाही, की बाबा रे, तुला हवंय का.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "अय्या, भाऊजींना मिळालं?" आणि लगेच ताईला फोन. मी जेवलो नाही. म्हणजे, नेहमीपेक्षा कमी जेवलो.

६ मे, सोमवार

चार्ज तात्पुरता आहे! साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. कायमची ऑर्डर पाइपवाल्या ठेकेदाराची केस संपल्यावर निघणार.

केस अशी. ठेकेदाराने मोठ्या पाइपचे सांधे कच्चे जोडले. आपण त्याला मेलवर नोटीस दिली, पंधरा दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर काम काढून घेऊ. त्याने हात लावला नाही, आपण काम काढून घेतलं. आता तो म्हणतो, नोटीस मिळालीच नाही, भरपाई द्या. डिसेंबरात दावा लावलाय. म्हणजे सगळी मदार त्या एका मेलवर. साहेब म्हणाले, ज्याच्या रेकॉर्डवर ऑफिसची बाजू कोर्टात उभी राहील, त्याचा या पदासाठी आधी विचार होईल. हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. माझ्या पाठीमागे घड्याळ आहे हे खरं, पण ते माझ्याकडेच बघत होते.

आणि तो मेल गेला कुठून? माझ्या विभागाच्या मेलबॉक्समधून. म्हणजे पद माझंच आहे, सध्या थोरल्यांकडे फक्त ठेवायला दिलंय.

संकल्प: कायदा मुळापासून वाचायचा. रोज दहा पानं.

८ मे, बुधवार

ऑफिसच्या वकीलबाईंकडून कायद्याचं पुस्तक आणलं. चार पानं झाली. बाकीचा अंदाज येतो.

एक कलम फारच आवडलं. मेल समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडला की तो त्याला मिळाला. त्याने उघडला की नाही, वाचला की नाही, हे कायदा विचारत नाही. ठेकेदार बसला आता बोंबलत! मेलबॉक्स ठेवायचा आणि बघायचा नाही, असल्या माणसांची मला कीव येते.

दुसरं कलम: नोंद पुढे कधीही वाचता आली पाहिजे, मुळात जशी होती तशीच राहिली पाहिजे, आणि कुठून निघाली, कुठे गेली, कोणत्या तारखेला, किती वाजता, हे त्यातून कळलं पाहिजे. वाचून क्षणभर थांबलो. 'पुढे कधीही वाचता आली पाहिजे.' कॉम्प्युटर आज आहे, उद्या बंद पडला तर? याचा अर्थ उघड आहे. कागद! कायदा करणारी मंडळी जुन्या वळणाची असणार. बरं वाटलं.

पुस्तक उशाशी ठेवलंय. ही म्हणते उशाशी ठेवून वाचल्यासारखं होत नाही.

१० मे, शुक्रवार

थोरल्यांचं प्रशिक्षण. हॉलमध्ये सक्तीने. मी मागच्या रांगेत बसलो.

काय बोलले ते नीट ऐकलं नाही, कारण त्यांच्या शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली होती आणि कोणी सांगत नव्हतं. अधिकारी म्हणे! सर्व्हर, बॅकअप, कोणी काय पुसलं तरी काय राहतं, असं काहीतरी चाललं होतं. बायका हसत होत्या. टायपिस्टबाई तर वहीत लिहून घेत होत्या. माझ्या विभागात काम करतात आणि थोरल्यांचं लिहून घेतात. माझं कधी लिहून घेतलं नाही.

शेवटी थोरल्यांनी विचारलं, "साडूभाऊ, काही शंका?" सगळ्यांसमोर साडूभाऊ! मी म्हटलं, शंका ज्यांना माहीत नसतं त्यांना येतात. हॉल शांत झाला. टोला बसला असावा.

११ मे, शनिवार

आज माझ्या पद्धतीबद्दल लिहून ठेवतो. पुढे ऑफिसचा इतिहास कोणी लिहिला तर उपयोगी पडेल.

विभागात आलेले मेल टायपिस्टबाई रोज छापतात. आठवड्याचा गठ्ठा शनिवारी माझ्या टेबलावर. मी प्रत्येक कागदावर 'प्राप्त' शिक्का, खाली सही, मग योग्य त्या फायलीत. गठ्ठा संपेपर्यंत मान वर करत नाही. मनगट असं बसलंय, की कागद बघावासुद्धा लागत नाही. वाचत बसलो असतो तर इतकी वर्षं काम कसं केलं असतं? वाचणं हे ज्याचं काम त्याचं. माझं काम नोंद.

थोरल्यांना विचारा बरं असा गठ्ठा एका बैठकीत उरकायला. मनगट धरून बसतील.

१५ मे, बुधवार

थोरल्यांचं पहिलं सर्क्युलर. 'कोर्टात केस चालू असल्याने संबंधित कोणताही मेल कोणीही पुसू नये, बदलू नये, आहे तसा मेलबॉक्समध्ये राहू द्यावा.'

आहे तसा राहू द्यावा! वा. पगार घ्यायचा आणि सगळ्यांना सांगायचं, काही करू नका. सही नाही, शिक्का नाही, क्रमांक नाही. एवढी मोलाची नोटीस उघड्यावर टाकल्यासारखी मेलबॉक्समध्ये लोळतेय. उद्या कोर्टाने विचारलं, ही खरी कशावरून, तर थोरले काय दाखवणार, गालातलं हसू?

माझ्या डोक्यात एक योजना आलीय. लिहून ठेवत नाही. (थोरले शनिवारी घरी येणार आहेत.)

१८ मे, शनिवार

आले होते. सहकुटुंब. सासूबाई आणि सासरेही. सासऱ्यांच्या फोनमधले जुने फोटो दिसेनासे झाले होते, थोरल्यांनी बोटं फिरवली आणि परत आणले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. माझी ही म्हणाली, भाऊजी, तुम्ही होतात म्हणून. मी त्याच सासऱ्यांचे सगळे वीजबिलांचे कागद एकदा तारखेप्रमाणे लावून दिले होते. तेव्हा कोणाचा डोळा ओला झाला नव्हता.

जाताना ताई म्हणाल्या, यांना या चार्जचं फार टेन्शन आलंय हो. मी म्हटलं, झेपत नसेल तर सोडावा माणसाने. हिने टेबलाखालून माझा पाय दाबला. आपुलकीने नाही.

२० मे, सोमवार

योजना सुरू. आता लिहायला हरकत नाही.

ठेकेदाराच्या केसचे सगळे मेल छापले. प्रत्येक कागदावर वर उजव्या कोपऱ्यात, रुबाबात, मोठा गोल शिक्का: 'खरी प्रत'. त्यावर माझी पूर्ण सही, आद्याक्षरं नव्हेत. मग तो कागद स्कॅन करून परत कॉम्प्युटरमध्ये. आता ही नोंद कागदही आहे आणि इलेक्ट्रॉनिकही आहे, आणि वर माझी सही. मूळ मेलपेक्षा भक्कम. कायदा करणाऱ्यांनासुद्धा हे सुचलं नसेल.

टायपिस्टबाई म्हणाल्या, शिक्क्याखाली तारीख आणि वेळ झाकली जातेय. बाई तशा चांगल्या आहेत, पण त्यांची घडी थोरल्यांच्या प्रशिक्षणापासून बिघडलीय. कोपरा ठरलेला आहे, तो मेलसाठी बदलायचा का?

२३ मे, गुरुवार

एक पेच होता, सोडवला. मेलबॉक्समध्ये मूळ मेल, आणि स्कॅनमध्ये खरी प्रत. उद्या कोणी म्हणेल दोन झाल्या, यातली खरी कोणती? एका नोटिशीची दोन तोंडं असून चालत नाही. म्हणून बिनशिक्क्याचे सगळे मेल पुसून टाकले. नंतर पुसलेल्यांचा डबाही रिकामा केला. मेलबॉक्स आरशासारखा स्वच्छ.

थोरल्यांचं सर्क्युलर 'पुसू नये' असं आहे, पण ते ज्यांनी शिक्के मारलेले नाहीत त्यांच्यासाठी.

३ जून, सोमवार

थोरल्यांना केबिन मिळाली. काचेची, दार आपोआप बंद होणारं. मी जिन्यावरून येता-जाता सहज तीनदा बघितलं. खुर्ची फिरती आहे आणि मागे रेलते. ते रेलत नाहीत. रेलायचं नसेल तर घेतली कशाला?

पोटात सकाळपासून दुखतंय. ही म्हणाली, डॉक्टरकडे जा. डॉक्टर म्हणाले, काही नाही, खाण्यात काही बदल? म्हटलं, साडूंना केबिन मिळालीय. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

१० जून, सोमवार

कोर्टाची तारीख लागली, २० जून. वकीलबाई म्हणाल्या, नोंद सादर करताना तिच्यासोबत एक प्रमाणपत्र लागतं. ही नोंद अमुक कॉम्प्युटरमधून, नेहमीच्या कामकाजात तयार झाली, कॉम्प्युटर नीट चालू होता, असं जबाबदार माणसाने सहीनिशी लिहून द्यायचं, आणि तोच माणूस साक्षीला उभा राहणार. त्यांना थोरले हवे होते. मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, मेल माझ्या विभागाचा, सही दुसऱ्याची, हे कोर्टात कसं दिसेल? साहेबांना पटलं. की कंटाळले असतील, पण हो म्हणाले.

वकीलबाईंनी सांगितलं, मूळ मेल आधी थोरल्यांकडून तपासून घ्या. मी म्हटलं, घेतो. म्हणजे ते बघणार, आणि मग ऑफिसभर सांगत सुटणार, की मी तपासून दिला. मला एवढा भोळा समजले का? खऱ्या प्रतींचा पेनड्राइव्ह बंद पाकिटात घातला, पाकिटावर शिक्का मारला. कोर्टातच उघडेन.

१६ जून, रविवार

नवीन शर्ट. आरशासमोर साक्षीचा सराव. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, भाऊजींना एकदा विचारून घ्या ना हो, सगळं बरोबर आहे का. मी म्हटलं, या घरात एक वाक्य तरी त्या माणसाशिवाय पूर्ण होतं का? ती आत निघून गेली. दुपारी माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जेवली.

मला वाईट वाटलं. पण तिला साक्षीनंतर आपोआप कळेल.

२० जून, गुरुवार

विजय!

सविस्तर लिहितो. वकीलबाईंनी पाकीट उघडलं, स्कॅन पडद्यावर दिसला. माझा शिक्का कोर्टाच्या भिंतीवर केवढा मोठा दिसला! वकीलबाईंचा चेहरा एकदम बदलला. भारावल्या असाव्यात. थोरले मागच्या बाकावर होते, त्यांनी कपाळाला हात लावला.

मग ठेकेदाराचा वकील उठला. काडीसारखा माणूस. विचारलं, हा दस्तऐवज कोणी तयार केला? मी म्हटलं, मी. कधी? म्हटलं, मागच्या महिन्यात. ठेकेदाराने दावा कधी लावला? म्हटलं, डिसेंबरात. मग तो अगदी हळू म्हणाला, "म्हणजे दावा लागल्यानंतर, तुमच्या ऑफिसात, तुमच्या हातांनी हा दस्तऐवज तयार झाला?"

मी न्यायाधीशांकडे वळून, ठणठणीत आवाजात म्हटलं, "होय. पूर्णपणे माझ्या देखरेखीखाली."

तो वकील लगेच खाली बसला. पुढे एक प्रश्नही विचारायची हिंमत झाली नाही. न्यायाधीशांनी मूळ मेल कुठे आहे असं विचारलं, मी सांगितलं, सुरक्षिततेसाठी पुसला. त्यांनी बराच वेळ लिहून घेतलं. माझं कोणीतरी लिहून घेतलं एकदाचं.

बाहेर आल्यावर वकीलबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. दडपण आलं असेल. घरी येताना मिठाई आणली.

२१ जून, शुक्रवार

मिठाई तशीच आहे.

साहेबांनी सकाळी आत बोलावलं, दार लावून घेतलं. अर्धा तास ते बोलत होते. मुद्दे: स्कॅन म्हणजे माझ्या कागदाचा फोटो, मेल नव्हे. त्याची जन्मतारीख मे महिन्याची आहे, नोटिशीची नाही. छापलेली तारीख-वेळ माझ्या शिक्क्याखाली गेली. म्हणजे नोटीस कधी गेली, हे दाखवणारी जी एकमेव गोष्ट, तीच मी झाकली. आणि जी झाकली नाही ती पुसली. केस चालू असताना पुरावा पुसणं हा गुन्हा आहे, ठेकेदाराचा वकील खोटा पुरावा बनवल्याचा अर्ज देणार आहे, आणि मूळ मेल मिळाला नाही तर माझी नोकरी ते स्वतःसुद्धा वाचवू शकणार नाहीत.

मी म्हटलं, पण सही खरी आहे.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

२२ जून, शनिवार

थोरले सर्व्हरवर मेल शोधतायत. कालपासून केबिनमध्ये आहेत. ताईंनी डबा आणून दिला. माझ्या हिनेसुद्धा त्यांच्यासाठी डबा दिला, माझ्याच हाती. मी काचेबाहेर उभा राहिलो. ते स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले. हसत नव्हते.

रोजनिशीत खोटं कशाला लिहू. दारात उभा असताना मनात आलं, नको सापडायला. मग कोणी म्हणणार नाही, थोरल्यांनी वाचवलं. नोकरी गेली तरी चालेल, पण त्यांच्या हातून परत नको. मग डबा दिला आणि खाली आलो.  गठ्ठ्याला शिक्के मारले नाहीत. पहिल्यांदाच.

२४ जून, सोमवार

सापडला.

ऑफिसातून जाणारा-येणारा प्रत्येक मेल, अगदी न पाठवता नुसता लिहिलेलासुद्धा, सर्व्हरवर वेगळा राहतो म्हणे. आपण आपल्या बॉक्समधून पुसला तरी तिथला पुसला जात नाही. कुठून, कुठे, तारीख, वेळ, सेकंदासकट. हे प्रशिक्षणात सांगितलं होतं असं सगळे म्हणतात. टायपिस्टबाईंनी वहीसुद्धा दाखवली.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. जोरात वाजवल्या, कोणी बघत असेल म्हणून.

३ जुलै, बुधवार

थोरल्यांची साक्ष. मला जायची गरज नव्हती, गेलो. मागच्या बाकावर बसलो. प्रमाणपत्र एका पानाचं. त्या काडीसारख्या वकिलाने त्यांना तासभर पिळलं. थोरले प्रत्येक वेळी थोडं थांबून, आठवून, हळू उत्तर देत होते. दोनदा म्हणाले, हे मला माहीत नाही. साक्षीत माहीत नाही म्हणतात का? पण न्यायाधीश मान डोलवत होते. माझ्या वेळी एकदाही डोलवली नव्हती.

कॉलर सरळ होती. ताईंनी इस्त्री केली असेल.

९ जुलै, मंगळवार

निकाल ऑफिसच्या बाजूने. मेल मिळाला, वाचला नाही हा ठेकेदाराचा दोष. माझ्या साक्षीबद्दल एक ओळ आहे, 'विचारात घेण्याजोगी नाही'. निकालात उल्लेख तर आला.

माझ्या चौकशीसाठी थोरल्यांनी साहेबांना अहवाल दिला. मला वाचायला दिला. त्यात लिहिलंय: 'विभागप्रमुखांनी केलेले स्कॅन या कामाच्या सोयीसाठी केलेल्या जादा प्रती असून, मूळ नोंद सर्व्हरवर पहिल्यापासून अबाधित होती. सूचना त्यांच्यापर्यंत नीट पोचवण्यात मी कमी पडलो.' एवढ्यावर साहेबांनी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं.

नोकरी वाचली. सगळे म्हणतात, केवढा मोठेपणा. मला तर 'सोयीसाठी' या शब्दाने रात्रभर झोप नाही. माझी आयुष्यभराची कामगिरी, सोयीसाठी! आणि वर 'मी कमी पडलो'. कमी पडतानासुद्धा हा माणूस माझ्याहून वर.

१५ जुलै, सोमवार

कायमची ऑर्डर थोरल्यांना. माझा विभाग आता त्यांच्या हाताखाली. हिने विचारलं, पेढे आणू का? म्हटलं, आण. आणलेच होते.

संकल्प: उद्या साहेबांना स्पष्ट विचारायचं. नियमाने विचारायचं. ज्येष्ठ मी, विभाग माझा, आणि मे महिन्यात चार्ज देताना मला एका शब्दाने विचारलं नाही. का? केस वगैरे सगळं नंतरचं. सुरुवातीलाच अन्याय झाला. तो झाला नसता तर मी जिद्दीला पेटलो नसतो, आणि पेटलो नसतो तर पुसलं नसतं. म्हणजे मुळात चूक ऑफिसची. मुद्दा बिनतोड आहे. झोप चांगली येईल.

१६ जुलै, मंगळवार

विचारलं.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुम्हालाच तर आधी विचारलं होतं."

कधी, म्हटलं. म्हणाले, एप्रिलात. सविस्तर मेल केला होता. ज्येष्ठता बघून पद पहिल्यांदा तुम्हाला देऊ केलं, आठ दिवसांत कळवा असं लिहिलं. तुम्ही काही कळवलं नाहीत. वाट बघून मग तुमच्या साडूंना विचारलं. तर ते म्हणाले, आधी त्यांना विचारा, त्यांचा हक्क आहे, माझ्यामुळे त्यांना वाईट वाटायला नको. मी त्यांना म्हटलं, विचारलंय, त्यांची इच्छा दिसत नाही.

मी म्हटलं, मी तो मेल वाचला नाही.

 साहेब माझ्याकडे बघत राहिले, आणि या वेळी मागच्या घड्याळाकडे नव्हे. मी उठलो.

खाली येऊन फायली काढल्या. 'किरकोळ' मध्ये सापडला. कागद नीट, तारखेप्रमाणे. वर 'प्राप्त', खाली माझी सही. चांगली सही आहे, एकदम मोकळी. 'आपली या विभागातील दीर्घ सेवा आणि नोंदींबद्दलची निष्ठा लक्षात घेता' अशी सुरुवात आहे. उभ्यानेच वाचला. मग खुर्ची ओढून परत वाचला.

म्हणजे अडीच महिने मी ज्या पदासाठी जळत होतो, ते माझंच होतं. आणि ज्याच्यावर जळत होतो, तो माझ्यासाठी भांडून आला होता.

घरी आल्यावर हिने विचारलं, साहेब काय म्हणाले? म्हटलं, सगळं नियमाप्रमाणे झालंय म्हणाले. ती म्हणाली, भाऊजींचा फोन होता, विचारत होते, माझ्या हाताखाली काम करायला साडूभाऊंना अवघड तर जाणार नाही ना, जात असेल तर मी साहेबांशी बोलतो. मी म्हटलं, त्यांना सांग, अजिबात नाही. मग म्हटलं, बरं वाटलं विचारलंत म्हणून, असंही सांग. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मला ताप आलाय का, असं तिला वाटलं असावं.

१७ जुलै, बुधवार

आज ऑफिसात सगळे जेवायला गेल्यावर टायपिस्टबाईंच्या कॉम्प्युटरवर बसलो. स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच मेल टाइप केला. एका बोटाने, अक्षरं शोधत. 'माननीय साहेब, आपला एप्रिलचा मेल मिळाला. आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहे. पद स्वीकारण्यास मी आनंदाने तयार आहे.' खाली नाव. वाचून बघितला. एक चूक होती, सुधारली. परत वाचला.

पाठवायचा नव्हताच. नुसतं लिहून बघायचं होतं, कसा दिसला असता ते. चांगला दिसत होता.

मग पुसला. डबाही रिकामा केला.

जिना उतरताना आठवलं, पुसलेलं सगळं थोरल्यांना दिसतं.